मराठीतील डावे वाचन : क्रमाचा प्रश्न

समाजवादी वा साम्यवादी विचारांची ओळख करून घ्यावयाची असेल तर प्रथम काय वाचावे, असा प्रश्न पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी नेहमी विचारतात. त्यास मिळणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते. मार्क्स-एंगल्स यांचा ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’, त्यानंतर एखादे परिचयपर पुस्तक, त्यानंतर रशियन क्रांतीचा इतिहास. आणि एवढे पचनी पडले की मग उदाहरणादाखल अण्णा भाऊ साठे व नारायण सुर्वे. या क्रमात एक गृहीत दडलेले आहे. विचार अन्यत्र घडला, तो अनुवादाच्या वाटेने मराठीत आला आणि मराठी साहित्याने त्याचे चित्रण केले, असे ते गृहीत होय.

हा क्रम रूढ होण्यास तात्त्विक कारणांइतकेच एक व्यावहारिक कारणही होते. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची पुस्तके मराठीतही निघत आणि ती अत्यल्प किमतीत मिळत. चांगला कागद, पक्की बांधणी आणि खिशाला परवडणारी किंमत यांमुळे एका संपूर्ण पिढीचे डावे वाचन तेथूनच सुरू झाले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो पुरवठा थांबला. वाचनाची यादी मात्र तशीच राहिली.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, निदान मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने हा क्रम उलटा करावा. मराठीतील डावा विचार मुख्यतः वादातून घडला आहे. त्यातही जातीच्या प्रश्नाशी झालेल्या वादातून. तो वाद मोठ्या ग्रंथांपेक्षा पुस्तिका, भाषणे आणि आत्मकथने यांत अधिक जिवंतपणे सापडतो. वाङ्मयेतिहासाने मात्र नेमक्या याच प्रकारांना कडेला ठेवले आहे. म्हणून येथे संपूर्ण सूची देण्याचा हेतू नाही. कोणते पुस्तक कोणत्या पुस्तकाआधी वा कोणत्या पुस्तकासमोर ठेवून वाचावे, एवढ्याचाच विचार केला आहे.

असूडापासून आरंभ

पहिले पुस्तक म्हणून महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) सुचवावासा वाटतो. फुले समाजवादी नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. १८९० मध्ये त्यांचे निधन झाले तोवर मार्क्सचा विचार महाराष्ट्रात पोचलाही नव्हता. परंतु कर्ज, कोर्टकचेऱ्या, सरकारी कामगार, जंगलखाते आणि भटशाही यांच्या एकत्रित दाबाखाली शेतकरी कसा पिचतो, याची जी साखळी फुले उभी करतात ती आर्थिक विश्लेषणाची साखळी आहे. शेतकऱ्याचे घर, त्याचे अंगण, त्याचे जेवण यांचे त्यातील वर्णन इतके तपशीलवार आहे की ललित गद्य आणि सामाजिक पाहणी यांतील सीमा तेथे पुसली जाते. या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढची छापली नाहीत, ही गोष्टही विद्यार्थ्याला आवर्जून सांगावी. त्या वेळी पत्राची धुरा वाहणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनीच १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली. चळवळीतला लेखक आणि चळवळीतला संपादक यांच्यातील हा ताण मराठीत पुढे वारंवार दिसतो, आणि त्याचा पहिला दाखला येथे आहे.

फुल्यांपासून मार्क्सपर्यंतची वाट मराठी माणसाने कशी चालली, याचे उदाहरण कोल्हापूरच्या वाचकाला दूर शोधावे लागत नाही. शाहू छत्रपतींच्या पाठबळाने १९११ मध्ये येथे सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्या वातावरणात वाढलेले भाई माधवराव बागल (१८९५-१९८६) हे चित्रकार, सत्यशोधक, प्रजा परिषदेचे पुढारी आणि अखंड लिहिणारे लेखक होते. ‘मार्क्सवाद’ आणि ‘समाजसत्ता की भांडवलशाही’ ही त्यांची पुस्तके आज फारसे कोणी उघडत नाही. ती ‘जीवनप्रवाह’ या त्यांच्या आत्मचरित्रासमवेत वाचावीत. म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीतील एक कार्यकर्ता वर्गाच्या भाषेकडे का वळला, हे त्याच्याच शब्दांत कळते. बिंदू चौकात १९५० मध्ये बागलांनी फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे शेजारी शेजारी उभारले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. या दोन पुतळ्यांमागची वैचारिक जुळणी समजून घ्यावयाची तर बागलांचे लेखन हाच तिचा जवळचा पुरावा आहे.

शब्द कसे आले

बागलांच्या पुस्तकाच्या नावातील ‘समाजसत्ता’ हा शब्द भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. आज ‘समाजवाद’ हा शब्द इतका स्थिरावला आहे की ‘समाजसत्तावाद’ वाचताना आपण अडखळतो. पण दोन्हींची सूचना वेगळी आहे. एकात मताचा निर्देश आहे, तर दुसऱ्यात सत्ता कोणाच्या हाती असावी याचा. ‘वर्गविग्रह’ मागे पडून ‘वर्गसंघर्ष’ आला तेव्हाही संस्कृत राजनीतीतील युद्धवाचक शब्दाची जागा चळवळीच्या भाषेतील शब्दाने घेतली. सर्वांत लक्षणीय उदाहरण ‘वरकड मूल्य’ हे आहे. कामगाराच्या श्रमातून निर्माण होणारे आणि मालकाकडे जाणारे जादा मूल्य सांगण्यासाठी ‘अतिरिक्त’ हा तत्सम शब्द हाताशी असताना डाव्या लेखकांनी घरखर्चाच्या हिशेबातला ‘वरकड’ उचलला. ‘वरकड खर्च’ म्हणणाऱ्या वाचकाला अर्थशास्त्र न शिकताही त्या संज्ञेचा निम्मा अर्थ कळतो. पारिभाषिक संज्ञा घडविणाऱ्या समित्यांनी या शब्दाकडे पाहावयास हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

वसंत तुळपुळे यांनी केलेला मार्क्सच्या ‘भांडवल’चा अनुवाद या दृष्टीनेही पाहण्यासारखा आहे. तो सलग वाचण्याचा आग्रह आरंभी धरू नये. कामाचा दिवस आणि यंत्रसामग्री यांविषयीची प्रकरणे आधी वाचावीत. वस्तूच्या विश्लेषणाचे पहिले प्रकरण मागाहून.

समाजवाद्यांची वाट

डावे म्हणजे केवळ कम्युनिस्ट, असा समज मराठीपुरता तरी टिकणारा नाही. आचार्य शं. द. जावडेकर (१८९४-१९५५) यांचा जन्म याच जिल्ह्यातील मलकापूरचा. त्यांच्या ‘आधुनिक भारत’ (१९३८) या ग्रंथात ब्रिटिश अमदानीतील भारतीय राजकीय विचाराचा इतिहास येतो आणि त्याचा शेवट गांधींचा सत्याग्रह व समाजवाद यांच्या समन्वयाकडे झुकतो. हा समन्वय सर्वांना पटणार नाही. मार्क्सवाद्यांना तर तो कधीच पटला नाही. पण शुद्ध साधनांचा प्रश्न मराठीत इतक्या गंभीरपणे फार थोड्यांनी मांडला, आणि ग्रंथाचे गद्य आजही सुबोध वाटते. त्याच्या जोडीला ना. ग. गोरे यांचे ‘समाजवादाचा ओनामा’ घ्यावे. त्याच्या नावातच मराठी शाळेची पाटी आहे. ग. प्र. प्रधान यांची ‘साता उत्तराची कहाणी’ ही कादंबरी म्हणून फारशी बांधीव नाही. निरनिराळ्या विचारसरणींना वाहून घेतलेली पात्रे वाद करीत राहतात. पण स्वातंत्र्यपूर्व काळापासूनच्या महाराष्ट्रातील राजकीय मतभेदांचा नकाशा विद्यार्थ्याला एका बैठकीत हवा असेल, तर याहून सोयीचे पुस्तक दाखविणे कठीण आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे जुने अंक हा या प्रवाहाचा दुसरा मोठा ठेवा होय.

जातीशी झालेला वाद

आता मुख्य वादाकडे यावे. डॉ. आंबेडकरांचे ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) हे भाषण समाजवाद्यांना उद्देशून केलेला युक्तिवाद म्हणून क्वचितच शिकविले जाते. वास्तविक त्याचा एक महत्त्वाचा भाग तोच आहे. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रम करणाऱ्यांची विभागणी आहे, आणि ती मोडल्यावाचून कामकरी वर्ग एकत्र येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. याच आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत कम्युनिस्टांच्या बरोबरीने संप घडवून आणला. आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये, निधनापूर्वी काहीच दिवस आधी, काठमांडू येथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. या तीन टप्प्यांपैकी केवळ एक उचलून आंबेडकरांना मार्क्सविरोधी किंवा मार्क्सानुकूल ठरविण्याची सवय आपल्या चर्चासत्रांना जडली आहे. रावसाहेब कसबे यांचे ‘आंबेडकर आणि मार्क्स’ (१९८५) हे पुस्तक या सवयीवर चांगला उतारा आहे. त्यातील सर्व निष्कर्ष मान्य करण्याची गरज नाही, पण दोन्ही बाजूंचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची शिस्त त्यात आहे.

दलित पँथरचा १९७३ चा जाहीरनामा आणि त्यावरून १९७४ मध्ये राजा ढाले व नामदेव ढसाळ यांच्यात पडलेली फूट हा याच वादाचा पुढचा अंक होय. ‘दलित’ या शब्दात कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांचा समावेश करावा की नाही, हा प्रश्न व्याख्येचा दिसतो, पण त्यावर एक संघटना दुभंगली. बाबुराव बागूल यांचे ‘दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान’ या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे, नाही तर त्यातील आवेशच तेवढा लक्षात राहतो.

कॉ. शरद पाटील (१९२५-२०१४) यांचे स्थान या वादात स्वतंत्र आहे. मार्क्सवाद, फुले आणि आंबेडकर यांची सांधणी करण्यासाठी त्यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ लिहिले. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) अधिक महत्त्वाचे. जाणिवेइतकाच नेणिवेचा विचार करणारे ज्ञानशास्त्र दिङ्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध नैयायिकांकडे मिळते आणि मार्क्सवादी समीक्षेला त्याची गरज आहे, असे त्यांचे म्हणणे. पाटलांचे गद्य खडबडीत आहे, संज्ञा दाटीवाटीने येतात आणि प्रतिपक्षाला ते फारशी सवलत देत नाहीत. म्हणून हे पुस्तक आरंभी कोणाच्याही हाती देऊ नये.

ते कोणत्या पुस्तकांनंतर द्यावे, हे सांगता येते. लालजी पेंडसे यांचे ‘साहित्य आणि समाजजीवन’ (१९३५) हे मार्क्सवादी दृष्टीने मराठी साहित्याकडे पाहणारे आद्य पुस्तक. त्याचे ऐतिहासिक मोल वादातीत आहे, पण तत्त्व आधी आणि साहित्यकृती नंतर असा क्रम ठेवल्यास समीक्षा कशी साचेबंद होते, याचाही ते नमुना आहे. गं. बा. सरदार यांनी ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (१९५०) मध्ये ही चूक टाळली. संतांनी अध्यात्माच्या क्षेत्रात दिलेली समता व्यवहारात का उतरली नाही, हा त्यांचा प्रश्न कठोर आहे, परंतु तो विचारताना संतांच्या शब्दावरचे त्यांचे प्रेम आटत नाही. पेंडसे, सरदार, पाटील अशा क्रमाने वाचणाऱ्याला अर्धशतकातील मराठी मार्क्सवादी समीक्षेची वाढ आणि तिचे अडलेले प्रश्न दोन्ही दिसतात. त्यांच्यामध्ये दि. के. बेडेकर यांचे लेख येतात. ते धर्माविषयी सर्वांत मोकळेपणाने विचार करणारे.

जगलेला विचार

ललित साहित्याविषयी येथे थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण ते अभ्यासक्रमांतून परिचित आहे. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ (१९३३), अण्णा भाऊंची ‘फकिरा’ (१९५९), भाऊ पाध्ये यांची कामगार चळवळीच्या आतला पोकळपणा दाखविणारी ‘डोंबाऱ्याचा खेळ’ (१९६०), बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधील कथा, सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), आणि १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या घराचे जयंत पवार यांचे नाटक ‘अधांतर’ (१९९७) ही नावे पुरेशी आहेत. एवढेच सुचवावे की ‘फकिरा’ची अर्पणपत्रिका वगळून कादंबरी शिकवू नये. कम्युनिस्ट पक्षाच्या कलापथकात घडलेल्या या लेखकाने ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. आणि सुर्व्यांच्या कवितेत मार्क्स ग्रंथातून येत नाही. तो संपाच्या गर्दीत भेटतो आणि एका श्रमकरी बाईच्या ओळखीत घरातल्या वडीलधाऱ्यासारखा होऊन जातो. मागे म्हटलेल्या उलट्या क्रमाला याहून चांगला आधार कोणता असणार?

आत्मकथनांविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०, साहित्य अकादमी पुरस्कार १९७२) हे ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या १९४५-४७ मधील लढ्याचे कथन. वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथा त्यात येतात. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांच्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या दारी बांधले जात, ही गोष्ट त्या कोणताही स्वर न चढविता सांगतात. ‘शोषण’ या शब्दाची व्याख्या विद्यार्थ्याला पाठ करून देण्यापेक्षा या पुस्तकातील लग्नगड्याविषयीची पाने वाचावयास द्यावीत. पुस्तकाची मर्यादाही बोलून दाखवावी. सांगणारी शहरातून आलेली सुशिक्षित कार्यकर्ती आहे आणि वारली स्त्रीपुरुषांचे बोलणे तिच्या प्रमाण मराठीतून आपल्यापर्यंत येते. चळवळीत बोलतो कोण आणि लिहितो कोण, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो.

तो प्रश्न पुढे न्यावयाचा तर आणखी तीन पुस्तके आहेत. उषाताई डांगे यांचे ‘पण ऐकतं कोण?’ हे नावच एक टीका आहे. पुढाऱ्याच्या घरातून आणि गिरणगावातून दिसलेली चळवळ त्यात आहे. पार्वतीबाई भोर यांची ‘एका रणरागिणीची हकिकत’ ही कामगार स्त्रीने सांगितलेली आणि दुसऱ्याने शब्दांकित केलेली कहाणी. आणि कॉ. आर. बी. मोरे (१९०३-१९७२) यांचे आत्मकथन, जे त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी पूर्ण करून २००३ मध्ये प्रसिद्ध केले. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाची पूर्वतयारी करणाऱ्यांत मोरे होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि तरीही बाबासाहेबांशी असलेला त्यांचा स्नेह तुटला नाही. ग्रंथांत जे दोन पक्ष समोरासमोर उभे दिसतात ते या एका माणसाच्या आयुष्यात एकत्र नांदले. २०१९ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि त्यानंतर इंग्रजीतील अभ्यासकांत त्याची चर्चा होऊ लागली. मराठी विभागांनी ते त्याआधीच हाती घ्यावयास हवे होते.

पुस्तिका

शेवटी पुस्तिका या प्रकाराकडे लक्ष वेधावयाचे आहे. कॉ. गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका मूळ एका भाषणातून तयार झाली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि अनेक भाषांत तिचे अनुवाद झाले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. तेव्हापासून या पुस्तिकेचे नाव सभांतून पुष्कळ घेतले जाते. तिचे गद्य म्हणून वाचन मात्र अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते काम वाङ्मयाच्या अभ्यासकांचे आहे.

या गद्यात वाक्ये आखूड आहेत. शीर्षकातील प्रश्नाप्रमाणेच आत पुनःपुन्हा प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे श्रोता स्वतःच देईल अशी जागा ठेवलेली असते. पुराव्याची निवडही श्रोत्याकडे पाहून केलेली आहे. सैन्याने रयतेच्या पिकाला हात लावू नये, सारा ठरलेलाच घ्यावा, वतनदारांची मनमानी मोडावी, परधर्मीयांना राज्याच्या सेवेत स्थान असावे, हे मुद्दे शेतकऱ्याला आपल्या अनुभवावरून तोलता येतात. ‘वर्ग’ या संज्ञेवर भर न देता वर्गदृष्टी मांडण्याची ही रीत आहे. ‘असूडा’शी तिचे नाते उघड आहे, तेथेही लेखक वाचकापेक्षा श्रोत्याशी बोलत असतो. दोन्हींत अंतर आहे ते स्वराचे. फुले संतापतात, पानसरे संताप आवरून हसत समजावतात. एकशे पाच वर्षांच्या अंतराने लिहिली गेलेली ही दोन पुस्तके एका आठवड्यात लागोपाठ वाचून पाहावीत.

पानसरे यांच्याच ‘मार्क्सवादाची तोंडओळख’ या पुस्तिकेनंतर ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ घ्यावा. एव्हाना वाचकापाशी त्याच्या स्वतःच्या मुलखातले प्रश्न जमा झालेले असतात आणि जाहीरनाम्यातील कोणते विधान येथे लागू पडते, कोणते अडते, हे तो पारखू शकतो. पुढे कोसंबींकडे जाता येते. १९४९ साली कॉ. डांगे यांचा प्राचीन भारतावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची सर्वांत कठोर झडती दा. ध. कोसंबी यांनीच घेतली, तीही मार्क्सवादाच्याच भूमिकेवरून. दोन मराठी भाषक मार्क्सवाद्यांमधला हा वाद इंग्रजीत झाला, हे दुर्दैव.

एका सत्रासाठीच क्रम ठरवावयाचा असेल तर ‘शेतकऱ्याचा असूड’, ‘शिवाजी कोण होता?’, ‘जेव्हा माणूस जागा होतो’, ‘जातिनिर्मूलन’ आणि मग ‘जाहीरनामा’ असा तो ठेवावा. ‘फकिरा’ त्याच्या आगेमागे कोठेही बसेल. वाचनाची नोंद कशी ठेवावी हे शिकण्यासाठी सतीश काळसेकर यांचे ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ (२०१०) जवळ असावे. जुन्या पुस्तिकांची मोठी अडचण अशी की त्यांवर पुष्कळदा वर्षही छापलेले नसते आणि बांधणी नसल्याने ग्रंथालयांत त्या इतर कागदांत मिसळून जातात. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या ग्रंथालयांत आणि कार्यकर्त्यांच्या घरच्या कपाटांत शोध घेऊन बागलांपासून पानसरे यांच्यापर्यंतच्या पुस्तिकांची एक वर्णनात्मक सूची करणे, हा पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला दोन वर्षे पुरेल असा विषय आहे, आणि तो जितका लांबेल तितके कागद कमी होत जातील.